खेळापूर्वींचीं दहा मिनिटें

नाशकास एक मोठें मैदान आहे. त्याचें नांव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान; परंतु नाशिककरांच्या तोंडीं तें अद्यापि 'गोल्फ क्लब' असेंच आहे. गंमत ही कीं, या गोल्फ क्लबावर गोल्फ खेळतांना कोणी आढळावयाचा नाहीं. पहाटे फेऱ्या घालणारे पेन्शनर आणि क्रिकेट खेळणारीं मुलें हींच तेथील वस्ती. आमच्या वडील बंधूंचें बालपण या मैदानावर गेलें. घरांत लहानथोर सारे त्यांना दादा म्हणतात. "मी गोल्फ क्लबावर वाढलेला माणूस आहें," असें ते थट्टेनें सांगत. दोन वर्षांपूर्वीं नोकरींतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं, त्यांनीं ही थट्टा खरी करावयाचें मनावर घेतलें आणि पुण्यास एका स्नेह्याच्या संगतीनें ते खरोखरच गोल्फ खेळूं लागले.

या सदरांत आम्ही घरच्या गोष्टी सहसा आणीत नाहीं. परंतु गेल्या हिवाळ्यांत दादांवर जो प्रसंग आला, त्यांतून आम्हां सर्वांना व्यायामाविषयीं जें शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवण्यासारखें आहे. गोल्फशीं ज्यांना कांहीं कर्तव्य नाहीं, त्यांनींही हें पान उलटूं नये, अशी विनंति आहे.

आमच्यासारख्या घरांत गोल्फ हा शब्दच परका. आमच्या वडिलांच्या पिढीनें जोर-बैठका काढल्या, मुद्गल फिरविले, आट्यापाट्या खेळल्या. आमची पिढी क्रिकेट आणि बॅडमिंटन यांवर वाढली. गोल्फ म्हणजे साहेबाचा खेळ. कलकत्त्यास १८२९ सालीं गोल्फचा क्लब स्थापन झाला, आणि ब्रिटनबाहेर इतका जुना क्लब दुसरा नाहीं. तरीही आमच्या उंबरठ्याच्या आंत त्या खेळानें पाऊल टाकलें नव्हतें. दादांचा बेत ऐकून आम्ही हंसलों. "एवढ्याशा चेंडूच्या मागें दोन-तीन कोस चालावयाचें आणि शेवटीं तो बिळांत घालावयाचा! त्यापेक्षां पर्वती चढा, देवदर्शन तरी घडेल," असें आम्हीं म्हटल्याचें आम्हांस आज लाजेनें आठवतें. कारण पुढें सहा महिन्यांत दादांच्या चेहऱ्यावर जी टवटवी आली, ती निवृत्तीनंतरच्या पहिल्या उदास दिवसांत आम्हीं पाहिली नव्हती.

मग आली ती जानेवारींतील सकाळ. थंडी कडक होती. दादांस उठावयास उशीर झाला. चाळीस मिनिटें मोटार हांकून ते मैदानावर पोंचले, तों सोबतचे तिघे खेळगडी पहिल्या जागीं वाट पाहत उभे. दादांनीं मोटारीच्या डिकींतून जड पिशवी हिसका देऊन काढली, तींतून सर्वांत लांब काठी — तिला ड्रायव्हर म्हणतात — उपसली, आणि चौघांच्या देखत उशीर भरून काढण्याच्या आवेशानें पहिलाच फटका मारला. चेंडू कोठें गेला हें त्यांस आजही ठाऊक नाहीं. कमरेंत वीज चमकावी तशी कळ आली आणि ते गुडघ्यावर बसले, ते दोघांनीं धरून उठवीपर्यंत उठले नाहींत.

सुदैवानें इजा स्नायूंचीच होती. मणक्यांमधील चकती जागची हलली नव्हती. डॉक्टरांनीं तपासतां तपासतां विचारलें, "खेळण्यापूर्वीं आपण काय केलेंत?" दादा म्हणाले, "बुटाच्या नाड्या बांधल्या." डॉक्टर हंसले, दादांस हंसतांनाही कळ येत होती.

खरा प्रश्न घरीं आल्यावर उभा राहिला. वहिनींनीं त्या काठ्यांची पिशवी माळ्यावर टाकण्याचा हुकूम सोडला. आम्हीं त्यांची री ओढली. माणसानें वयाप्रमाणें वागावें, असें आमचें म्हणणें. दादा वाद घालीत ना. ते गॅलरींत खुर्ची टाकून बसत आणि वर्तमानपत्राचें एकच पान तासभर पाहत. तीन आठवड्यांत कंबर सुधारली, परंतु माणूस मात्र दहा वर्षांनीं म्हातारा दिसूं लागला. नातू अंगावर झेपावला कीं ते दचकून मागें सरत. तें पाहून आमच्या मनांत प्रथम शंका आली कीं, आपण दादांस जपत आहों कीं खचवीत आहों? कमरेची कळ गेली होती, परंतु कमरेची धास्ती घर करून बसली होती.

या पेचांतून मार्ग काढला तो दादांच्या सूनबाईनीं. त्या व्यवसायानें फिजिओथेरपिस्ट आहेत. त्या म्हणाल्या, "मामंजी, खेळ सोडूं नका. खेळाच्या आधींचीं दहा मिनिटें सोडलींत, तेवढीं परत धरा." दादांनीं हें शिरसावंद्य मानलें, परंतु आमच्या घराण्याचा आरंभशूरपणा आडवा आला. सूनबाई सविस्तर सांगण्याआधींच दादांनीं दुसऱ्या दिवशीं पहाटे थंड अंगानें पायांचे अंगठे धरण्याचा सपाटा लावला. हात पोंचेनात म्हणून हिसके दिले. परिणामीं मांडीच्या मागचा स्नायु दुखावला आणि आणखी दहा दिवस फुकट गेले. आधीं कांहींच न करण्याची चूक आणि मग नको तें करण्याची चूक, अशा दोन चुका घडल्यावर मग आम्ही सारे नीट ऐकून घेण्यास बसलों.

सूनबाईनीं प्रथम सांगितलें तें या खेळाच्या फसवेपणाविषयीं. गोल्फ पाहणारास आरामाचा वाटतो. धांवपळ नाहीं, झोंबाझोंबी नाहीं, चेंडूही जमिनीवर स्वस्थ पडलेला. त्या चेंडूचें वजन जेमतेम ४६ ग्रॅम. परंतु त्यास दोनशें मीटर दूर धाडावयाचें, तर खेळाडू कमरेंत किंचित् वांकून उभा राहतो, काठी खांद्यावरून मागें नेतांना अंग पिळून घेतो आणि तो पीळ एका सपाट्यांत सोडतो. काठी वरून खालीं चेंडूपर्यंत येण्यास सुमारें पाव सेकंद पुरतो. हौशी परंतु चांगल्या खेळाडूच्या काठीचें टोंक त्या क्षणीं ताशीं १५० किलोमीटरच्या आसपास वेगानें जात असतें. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणींत, या एका फटक्यांत कमरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या सुमारें आठपट दाब येतो, असें दिसून आलें. अठरा खळग्यांच्या एका डावांत असे पूर्ण फटके कित्येक होतात, आणि ते सर्व एकाच बाजूस पीळ देणारे. तेव्हां गोल्फ खेळणारांत कमरेचें दुखणें सर्वांत अधिक आढळावें, यांत नवल नाहीं. त्याच्या खालोखाल कोपर, मनगट आणि खांदा.

"पण मग पीळ पडतो तो कमरेंतच ना?" आम्हीं विचारलें. येथेंच आमची समजूत चुकीची होती. कमरेचे पांच मणके पुढें-मागें वांकण्यास चांगले. परंतु बाजूस वळण्याचें काम त्यांचें नव्हे. सारे पांच मिळून एका बाजूस जेमतेम दहा-बारा अंश वळतात. काठी पूर्ण मागें नेली असतां खांदे सुमारें ९० अंश वळतात आणि कमरेचा घेर सुमारें ४५ अंश. हें वळण यावयाचें तें दोन ठिकाणांहून: खालून खुब्याच्या सांध्यांतून आणि वरून छातीमागच्या कण्यांतून. तीस-पस्तीस वर्षें खुर्चीवर बसून नोकरी केलेल्या माणसाचीं नेमकीं हींच दोन ठिकाणें आंखडलेलीं असतात. तीं वळत नाहींत म्हणून बिचारी कंबर त्यांच्या वाटचें वळूं पाहते आणि एके दिवशीं मोडते. एकत्र कुटुंबांत दोघे भाऊ हातपाय हलवीत नाहींत आणि सारा भार तिसऱ्यावर पडतो, तशांतलाच हा प्रकार! उजव्या हातानें खेळणाराच्या डाव्या खुब्यास तर विशेष महत्त्व आहे. फटका संपतांना सारें अंग त्याच्यावर वळतें. कमरेनें हैराण झालेल्या धंदेवाईक खेळाडूंच्या तपासणींत पुढच्या पायाचा खुबा आंतल्या बाजूस कमी वळत असल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत नमूद आहे.

म्हणजे अंग ताणून मोकळें करावें, हें ठरलें. परंतु ताणण्याचे प्रकार दोन आहेत, आणि ते ओळखण्यांतच सारी मेख आहे. एक स्थिर ताण: एखादा स्नायु ताणून तसाच धरून ठेवावयाचा. दुसरा चालता ताण: हातपाय लयीनें हालवीत हळूहळू त्यांचा फेर वाढवावयाचा. शाळेंत ड्रिलमास्तरांनीं आम्हांस पहिला प्रकार खेळाच्या आधीं करावयास लाविला होता, आणि तोच बरोबर अशी आमची पक्की समजूत. तरुण गोल्फपटूंवर केलेला एक प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत खेळापूर्वीं वीस मिनिटें स्थिर ताण घेतल्यानें काठीचा वेग घटला, चेंडूचें अंतर कमी झालें आणि नेमही बिघडला. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत चालत्या ताणानें वेग वाढलेला आढळला. दोन्ही प्रयोग पंधरा-वीस खेळाडूंवरचे. तेव्हां त्यांतील आंकड्यांस वेदवाक्य मानूं नये. थोडा वेळ घेतलेल्या स्थिर ताणानें फारसें बिघडत नाहीं, असेंही पुढील अभ्यासांत दिसलें आहे. परंतु व्यवहाराचा नियम साधा आहे: खेळापूर्वीं अंग हालवून मोकळें करावें आणि खेळ संपल्यावर किंवा संध्याकाळीं तें सावकाश ताणावें.

आमच्या मातोश्री चौऱ्यायशीं वर्षांच्या आहेत. हें सारें ऐकून त्या म्हणाल्या, "एवढें लांबण कशाला? पुरणपोळीची कणीक तेलपाण्यानें तिंबून मऊ केल्याशिवाय लाटायला घेतली, तर फाटते. मग लाटणें नवें आणून काय व्हायचें?" सूनबाई म्हणाल्या, "आजी, आमच्या चार वर्षांच्या अभ्यासाचें सार आपण एका पोळींत घातलेंत."

आतां तीं दहा मिनिटें कशीं घालवावीं, तें क्रमवार सांगतों. मैदानावर दहा मिनिटें आधीं पोंचावें, हा पहिला नियम. बाकीचे त्याच्यामागून आपोआप येतात.

प्रथम तीन-चार मिनिटें झपाट्यानें चालावें. अंगांत ऊब आली, श्वास किंचित् वाढला, म्हणजे स्नायु ऐकूं लागतात. थंडीच्या दिवसांत हें चालणें आणखी दोन मिनिटें वाढवावें.

मग काठी जमिनीवर उभी टेंकून तिचा आधार घ्यावा आणि एक पाय घड्याळाच्या लंबकाप्रमाणें पुढें-मागें दहा वेळां झुलवावा. नंतर तोच पाय शरीरासमोरून डावी-उजवीकडे दहा वेळां. पाय बदलून तसेंच करावें. आरंभीं झोका लहान, पुढें मोठा. परंतु हिसका कोठेंही नसावा. यानें खुबे आणि जांघा सुटतात. त्याला जोडूनच आठ-दहा अर्ध्या बैठका माराव्या. ज्यांनीं तरुणपणीं बैठका काढल्या आहेत, त्यांना हें सांगावयास नकोच. परंतु गुडघे दुखत असतील त्यांनीं खोल जाऊं नये.

नंतर काठी छातीवर आडवी धरून हात तिच्यावरून फुली करून खांद्यांवर ठेवावे, खेळतांना वांकतों तेवढेंच वांकावें आणि खांदे सावकाश उजवीकडे व डावीकडे दहा-दहा वेळां वळवावे. या वेळीं टांच उचलली जात असेल तर जाऊं द्यावी आणि कमरेचा घेर वळूं द्यावा. खालचा भाग ताठ रोखून धरला, कीं सारा पीळ पुनः कमरेवर येतो.

मग दोन्ही हातांनीं काठी डोक्यावर आडवी धरून उजवीकडे-डावीकडे पांच-पांच वेळां झुकावें आणि हात मोठ्या वर्तुळांत फिरवावे. तालमींत मुद्गल फिरवून खांदे मोकळे करीत, तोच हा हेतु. मात्र येथें वजन नको. शेवटीं मनगटें दोन्ही बाजूंस फिरवावीं आणि मुठी उघडून-मिटून बोटें सैल करावीं.

एवढें झाल्यावरही लांब काठी उचलूं नये. आंखूड काठीनें अर्धे फटके, मग पाऊण, मग पूर्ण. आणि ड्रायव्हर सर्वांत शेवटीं. पुष्कळ खेळाडू हवेंत दोन-चार फटके मारतात आणि त्यालाच पूर्वतयारी म्हणतात. ऑस्ट्रेलियांत हजाराहून अधिक खेळाडूंचें निरीक्षण करून २००१ सालीं एक लेख प्रसिद्ध झाला. त्यांत निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनीं कसली तरी तयारी केलेली दिसली, आणि त्यांतील बहुतेकांची तयारी म्हणजे हे हवेंतले फटके! तेव्हां या बाबतींत दादा एकटे नव्हते, इतकेंच समाधान.

संध्याकाळचा भाग घरीं सतरंजीवर करावयाचा. उताणें निजून एका तळपायास पंचा अडकवावा आणि पाय सरळ ठेवून तो अलगद आपल्याकडे ओढावा. मांडीची मागची बाजू ताणली जाते. मग एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून तो गुडघा छातीकडे आणावा. कुल्ल्यांत ताण येतो. त्यानंतर एक गुडघा जमिनीस टेंकून, दुसरें पाऊल पुढें ठेवून, अंग सरळ राखून किंचित् पुढें सरकावें. बसून बसून आंखडलेली जांघ मोकळी होते. शेवटीं एका कुशीवर निजून गुडघे पोटाशीं घ्यावे, दोन्ही हात समोर जोडून ठेवावे, आणि पोथीचें पान उलटावें तसा वरचा हात उचलून सावकाश पाठीमागें न्यावा. दृष्टि हाताबरोबर जाऊं द्यावी, गुडघे मात्र जागचे हलूं देऊं नयेत. छातीमागचा कणा वळता ठेवण्यास याहून सोपी युक्ति आम्हीं पाहिली नाहीं. मातोश्रींनीं तर ती निजल्या निजल्या पाठ केली आहे.

प्रत्येक ताण अर्धा मिनिट धरावा. साठीच्या पुढील माणसांनीं एक मिनिटापर्यंत धरला तरी चालेल. दोन-तीन वेळां करावा. श्वास कोंडूं नये. ताण जाणवावा, परंतु वेदना होऊं नये; वेदना म्हणजे स्नायूची तक्रार समजून तेथेंच थांबावें. आठवड्यांतून दोन-तीन दिवस तरी हें घडावें. रोज घडल्यास उत्तमच. ज्यांच्या घरीं सूर्यनमस्कारांची किंवा आसनांची परंपरा आहे, त्यांना यांत ओळखीचे चेहरे भेटतील. मात्र ज्यांचीं हाडें ठिसूळ झालीं आहेत, त्यांनीं खोल वांकणें आणि जोरानें पिळणें हीं डॉक्टरांस विचारल्यावांचून करूं नयेत.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, ताण घेतला म्हणजे दुखापतीस कायमची रजा मिळाली. तसें नाहीं, आणि हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. निरनिराळ्या खेळांवरील अनेक प्रयोग एकत्र करून पाहणारा एक अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला; त्यांत केवळ ताणण्यानें दुखापती कमी झाल्याचें स्पष्ट दिसलें नाहीं, उलट शक्ति वाढविणाऱ्या व्यायामानें त्या पुष्कळच कमी झाल्या. ताणण्यानें अंगांस हालण्यास जागा मिळते. ती जागा सांभाळण्याचें बळ पोट, पाठ, कुल्ले आणि पाय यांत असावें लागतें. म्हणून सूनबाईनीं दादांच्या आठवड्यांत दोन दिवस साध्या बळवर्धक व्यायामाचे घातले: बैठका, भिंतीस हात टेंकून जोर, आणि उताणें निजून कंबर वर उचलणें. त्याशिवाय आणखी तीन पथ्यें सांगितलीं. फटक्याची ढब जाणत्या शिक्षकाकडून तपासून घ्यावी. एका दिवशीं शंभर-दोनशें चेंडू झोडपण्याचा हव्यास धरूं नये. कोपराचीं दुखणीं बहुधा त्यांतूनच येतात. आणि डिकींतून पिशवी काढतांना ती आधीं अंगाजवळ ओढून, गुडघे वांकवून उचलावी. दादांच्या कमरेनें पहिली तक्रार त्या हिसक्याच्या वेळींच केली असावी, असा सूनबाईंचा तर्क आहे.

तसेंच, कमरेची कळ पायांत उतरत असेल, पायास मुंग्या येत असतील, तो बधिर किंवा दुबळा वाटत असेल, तर ताणाबिणांच्या भरीस न पडतां डॉक्टर गांठावा; आणि त्याबरोबर लघवीवरचा ताबा जात असेल तर घटकेचाही विलंब लावूं नये.

या खेळांतील थोरामोठ्यांचीं उदाहरणें दोन्ही बाजूंनीं बोलकीं आहेत. अमेरिकेचा सॅम स्नीड हा अंगाच्या लवचिकपणाबद्दल प्रसिद्ध होता. उंच दाराच्या चौकटीस पाय लावून दाखविण्याची त्याची हौस म्हातारपणींही सुटली नाहीं. १९६५ सालीं, वयाची बावन्न वर्षें उलटल्यावर, त्यानें ग्रीन्सबरो येथील मोठी स्पर्धा जिंकली. उलटपक्षीं टायगर वुड्स हा बळानें आणि मेहनतीनें कोणास हार जाणारा नव्हे. तरी २०१४ पासून त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाल्या आणि २०१७ सालीं तर दोन मणके जोडून टाकावे लागले. त्यानंतर २०१९ सालीं त्यानें मास्टर्स स्पर्धा पुन्हां जिंकली, हें त्याच्या चिकाटीचें फळ. पहिल्या उदाहरणावरून लवचिकपणाचें मोल कळतें. दुसऱ्यावरून हें कळतें कीं, पाठीची सोशिकता अपार नाहीं, मग ती कोणाची कां असेना.

आणि ज्यांना गोल्फचें दर्शनही घडावयाचें नाहीं, त्यांनीं आपापल्या घरांत डोकावावें. दिवाळीपूर्वीं माळ्यावरचीं भांडीं काढतांना, गाद्या उन्हांत टाकतांना, बागेंत कुदळ मारतांना, किंवा वर्षांतून एकदां संमेलनांत क्रिकेट खेळतांना जी कंबर धरते, ती दादांचीच कंबर. आपण कामाचा मुहूर्त पाहतों, साधनें पाहतों. ज्या शरीरानें तें काम करावयाचें, त्यास मात्र आगाऊ सूचना देत नाहीं.

एप्रिलच्या अखेरीस दादांनीं माळ्यावरची पिशवी खालीं काढविली. स्वतः नव्हे, नातवाच्या बापाकडून! वहिनींनीं एक अट घातली: दहा मिनिटें आधीं घर सोडलें नाहीं, तर मोटारीची किल्ली मिळावयाची नाहीं. पहिल्या दिवशीं आम्ही पहारेकरी म्हणून बरोबर गेलों. दादा पाय झुलवूं लागले तेव्हां सोबतचे तिघे गालांत हंसले. आम्हांस आमचें पर्वतीचें वाक्य आठवलें आणि आम्ही दुसरीकडे पाहूं लागलों. दादांनीं मात्र कोणाकडे न पाहतां आपला क्रम पुरा केला, आंखूड काठीनें बेतानें आरंभ केला, आणि मग ड्रायव्हर हातीं घेतला. फटका फार दूर गेला नाहीं. परंतु फटका मारल्यावर दादा उभे होते, आणि चेंडू कोठें पडला हें त्यांना दिसलें.

पुढच्या आठवड्यांत त्या हंसणाऱ्या तिघांपैकीं एकजण काठीचा आधार घेऊन हळूच पाय झुलवीत होता, असें दादा सांगतात. परवां संध्याकाळीं नातू नेहमींप्रमाणें त्यांच्या अंगावर झेपावला. दादा दचकले नाहींत. गुडघे वांकवून, त्याला अंगाशीं घेऊन, त्यांनीं उचललें. वहिनी स्वयंपाकघराच्या दारांतून पाहत होत्या. कांहीं बोलल्या नाहींत.